न वापरण्यासाठी घडवलेला कॅमेरा

1975 साली पश्चिम जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीने आपल्या छोट्या कॅमेऱ्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त काही खास नग बाजारात आणले. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून झालेला शब्द म्हणजे ‘लायका’. त्यातल्या एम-5 या मॉडेलचे 1,750 कॅमेरे निघाले, पण त्यांना 1 पासून 1,750 पर्यंत सरळ क्रमांक दिले नव्हते. ‘लायका’ या नावात रोमन लिपीतली पाच अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षराच्या वाट्याला 350 कॅमेरे आले. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यावर पन्नाशीची खूण, एक अक्षर आणि 350 च्या आतला एक आकडा. आतली यंत्रणा मात्र दुकानातल्या साध्या एम-5 चीच.

या अक्षरांमागे मला एक पक्का हिशेब दिसतो. सतराशे पन्नास जणांतला चौदाशे बारावा असण्यापेक्षा साडेतीनशे जणांतला दोनशे बारावा असणे मनाला बरे वाटते. शिवाय एखाद्या संग्राहकाला पाचही अक्षरे जमवण्याची हौस झाली, तर एकाच माणसाला पाच कॅमेरे खपतात. धातूकामात काडीचाही बदल न करता, केवळ मोजण्याची रीत बदलून, वस्तू दुर्मीळ करता येते.

आपल्याकडे ‘आवृत्ती’ हा शब्द मुळात पुस्तकाचा. पुस्तकाची दुसरी, तिसरी आवृत्ती निघाली की लेखक-प्रकाशक पेढे वाटतात. कॅमेऱ्याच्या ‘मर्यादित आवृत्ती’त गणित उलटे असते. तिथे दुसरी आवृत्ती कधीही निघणार नाही, हेच वचन विकले जाते. हे वचन कोण देते, कोण घेते आणि त्यात छायाचित्राचे काय होते, या प्रश्नांच्या मागे मी गेली बरीच वर्षे आहे. मी कुठल्या विद्यापीठात हा विषय शिकलेलो नाही. लग्नसमारंभांचे फोटो काढून संसार केला, मुंबईच्या बोराबाजारात जुने कॅमेरे उघडून बघता बघता त्यांच्या इतिहासाचा नाद लागला, आणि पुढे मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा हे एका कामगाराने हत्यारांच्या बाजाराकडे पाहणे आहे असे समजावे.

आधी हे हत्यार काय होते ते सांगायला हवे. ऑस्कर बार्नाक हा लाइट्झच्या कारखान्यातला तंत्रज्ञ. त्या काळचे कॅमेरे काचेच्या मोठ्या पट्ट्यांचे आणि वजनाला भारी. चित्रपटासाठी वापरली जाणारी 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी फिरवून त्याने 1914 च्या सुमारास खिशात मावेल असा कॅमेरा जुळवला. मध्ये महायुद्ध गेले. 1925 च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत तो विक्रीला आला. पुढच्या काही दशकांत फोटोग्राफर रस्त्यावर उतरला त्यामागे हा कॅमेरा होता. आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायकाच्या चकाकत्या भागांवर काळी चिकटपट्टी लावत असे. समोरच्या माणसाचे लक्ष कॅमेऱ्याकडे जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा. पुढे सगळ्यांचे लक्ष जावे म्हणून हाच कॅमेरा सोन्याने मढवला जाणार होता.

तशी सोन्याची हौस जुनीच. 1929 ते 1931 या काळात लायकाने सोन्याचा मुलामा दिलेले आणि सरड्याच्या कातडीने मढवलेले ‘लुक्सुस’ नावाचे कॅमेरे बनवले. ते शंभराच्याही आत होते. आज जगात दिसणारे सोनेरी ‘लायका’ मात्र त्याहून कितीतरी अधिक भरतील. कारण सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरात 1934 पासून ‘फेड’ नावाची लायकाची नक्कल तयार होत होती. निराधार मुलांच्या श्रमवसाहतीत ती बनायची आणि तिचे नाव गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले. हे फेड घासूनपुसून, पितळी-सोनेरी करून, वर लायकाचे नाव कोरून युरोपातल्या जुन्या बाजारांत विकले गेले. असा एक नमुना मी मुंबईत एका संग्राहकाच्या कपाटात मखमलीवर बसलेला पाहिला. त्यांना तो खोटा आहे हे पक्के ठाऊक होते आणि तरी तो त्यांचा लाडका होता. मी म्हणेन, त्या तीन-चार कॅमेऱ्यांत खरी गोष्ट सांगण्यासारखा तोच होता.

पण लुक्सुस ही हौसेची गोष्ट होती. 1975 चा प्रकार गरजेतून आला. 1954 साली आलेला लायका एम-3 हा रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा कळस. रेंजफाइंडर म्हणजे लेन्सच्या आतून न पाहता शेजारच्या खिडकीतून पाहायचे आणि दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर साधायचे. एम-3 सव्वादोन लाखांच्या आसपास बनला. मग 1959 मध्ये जपानहून निकॉन एफ आला. त्यात आरशामुळे थेट लेन्समधून दिसायचे, लांब पल्ल्याच्या लेन्स लावता यायच्या आणि किंमतही परवडायची. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दहा-पंधरा वर्षांत तिकडे गेले. 1971 चा एम-5 आकाराने मोठा निघाला आणि जुन्या भक्तांनाही आवडला नाही. 1975 पर्यंत वेट्झलारमध्ये एम मालिकेचे उत्पादन बंद करण्याची वेळ आली. पुढचा एम-4-2 कॅनडातल्या मिडलँड गावातल्या कारखान्यात 1977 नंतर कसाबसा सुरू झाला. म्हणजे पन्नाशीची ती अक्षरवाली आवृत्ती आली तेव्हा घरात उत्सवापेक्षा आजारपण जास्त होते.

काम करणारा गिऱ्हाईक गेल्यावर उरतो आठवणी असलेला गिऱ्हाईक. आता तो वकील, दंतवैद्य किंवा कारखानदार झालेला असतो. तरुणपणी ज्या कॅमेऱ्याने काढलेली चित्रे मासिकांत पाहिली, तो आता त्याला परवडतो. त्याला साधा कॅमेरा एकदाच विकता येतो, कारण हा कॅमेरा तीस वर्षे मोडत नाही. न मोडणारी वस्तू बनवणाऱ्या कारखान्याची ही मोठी पंचाईत असते. दुसऱ्यांदा विकायचे तर काहीतरी निमित्त हवे. मग 1979 मध्ये बार्नाकच्या जन्मशताब्दीचे निमित्त झाले आणि सोन्याचे कॅमेरे निघाले. 1989 मध्ये छायाचित्रणकलेला दीडशे वर्षे झाली म्हणून प्लॅटिनमचा मुलामा दिलेला एम-6 आला, 1,250 नग. कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षे झाली, त्याचेही 200 कॅमेरे निघाले. आपल्याकडे पंचांग उघडले की रोज काही ना काही सापडतेच, तसे.

या आवृत्त्यांचे आकडे कसे ठरतात ते पाहण्यासारखे आहे. बाजारात किती खपतील याचा अंदाज आधी बांधला जात असणारच. पण तो आकडा उघडा ठेवत नाहीत, त्याला गोष्टीचे कापड घालतात. 1994 मध्ये एम मालिकेला चाळीस वर्षे झाली म्हणून एम-6-जे काढला. त्याचे नग 1,640. का? तर 1954 ते 1994 ही दोन्ही टोके धरून एकेचाळीस वर्षे आणि प्रत्येक वर्षाचे चाळीस कॅमेरे. गिऱ्हाइकाला असे वाटावे की हा आकडा माणसाने ठरवलेला नाही, इतिहासातूनच आला आहे. एम-6-जे बद्दल एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून प्रतिमा नेहमीपेक्षा मोठी दिसायची, आणि काही वर्षांनी ही सोय साध्या एम-6 मध्येही आली. क्वचित असे घडते की खास आवृत्तीचे पैसे घेऊन कारखाना एखादी नवी कल्पना पारखून बघतो. बहुतेक वेळा मात्र बदलते ती फक्त कातडी.

कातडीवरून एर्मेस आठवणे भाग आहे. घोड्यांच्या खोगिरांपासून सुरुवात केलेल्या पॅरिसच्या या चामड्याच्या पेढीने 2000 साली लायकामध्ये 31.5 टक्के हिस्सा घेतला. पेढीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा स्वतः लायका वापरणारे हौशी छायाचित्रकार होते. 2003 मध्ये एर्मेसच्या चामड्यातले 500 एमपी कॅमेरे निघाले. पण तेवढ्याने कंपनी सावरली नाही. डिजिटल लाटेत ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. एर्मेसने 2006 मध्ये आपला हिस्सा ऑस्ट्रियाच्या आंद्रेआस काउफमान यांच्या कंपनीला विकला. इथून लायकाचा खरा कायापालट सुरू होतो. काउफमान यांच्या काळात लायकाची स्वतःची दुकाने, दुकानाला जोडून छायाचित्रांची दालने, आणि 2014 पासून वेट्झलारला ‘लाइट्झ पार्क’ असे सगळे उभे राहिले. कारखान्याच्या काचेपलीकडे लेन्स घासल्या जात आहेत आणि अलीकडे यात्रेकरू कॉफी पीत आहेत. देवस्थानाची रचना ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

किमतीही त्याच काळात उंच गेल्या. 2010 मध्ये ऑडी आणि फोक्सवागनच्या मोटारींचे आरेखन करणारे वॉल्टर दे सिल्वा यांनी टायटॅनियमचा एम-9 घडवला. 500 नग, लेन्ससह किंमत 22,000 युरो. त्या वेळच्या दराने तेरा लाख रुपयांच्या आसपास. साधा एम-9 आणि तीच लेन्स निम्म्याहून कमी पैशांत मिळत होती. 2012 मध्ये एर्मेस पुन्हा आले, या वेळी मालक म्हणून नव्हे तर नाव म्हणून. एम-9-पी चे 300 संच निघाले, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या द्युमा यांच्या नावाचे आणखी 100. या शंभरांच्या प्रत्येक संचात तीन लेन्स, चामड्याची पिशवी आणि द्युमा यांच्या छायाचित्रांचे पुस्तक. अमेरिकेतली किंमत 50,000 डॉलर.

यापेक्षा मला नवल वाटते ते वजाबाकीचे. एम-9 च्या दर्शनी भागावर लायकाचा लाल टिळा असतो. 2011 च्या एम-9-पी मधून तो काढला, काच जास्त कणखर बसवली आणि किंमत वाढवली. 2012 च्या मोनोक्रोममध्ये रंगच काढून टाकले. तो फक्त कृष्णधवल चित्र टिपतो आणि साध्या मॉडेलपेक्षा महाग. 2014 मध्ये एम मालिकेच्या साठीनिमित्त 600 कॅमेरे निघाले, त्यात डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदाच नव्हता. काढलेला फोटो बघायचा तर घरी जायचे. उपासाची थाळी नेहमीच्या थाळीपेक्षा महाग असते, त्यातला हा प्रकार. ही टिंगल नाही. रंग गाळणारी जाळी काढल्याने मोनोक्रोमचे चित्र खरोखरच अधिक तपशीलवार येते. पडदा नसला की माणूस दर फोटोनंतर मान खाली घालत नाही, समोर बघत राहतो. फिल्मच्या काळात शिकलेल्या आम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. पण आमच्याकडे पडदा नव्हता कारण पडद्याचा शोधच लागला नव्हता. आमच्या नाइलाजाला इथे संयम म्हणून किंमत लावली होती. दोन वर्षांनी पडद्याविना साधे मॉडेलही विक्रीला आले, हे खरे.

श्रीमंत गिऱ्हाईक म्हणजे मूर्ख गिऱ्हाईक, असा समज असेल तर हॅसलब्लाडची कथा पाहावी. स्वीडनच्या या कंपनीचे कॅमेरे 1969 मध्ये अपोलो-11 बरोबर चंद्रावर गेले. परतीचे वजन कमी करण्यासाठी चांद्रमोहिमांतले बारा कॅमेरे तिथेच सोडून दिले, फक्त फिल्म परत आणली. यापेक्षा मोठी पुण्याई कुठल्याही कॅमेऱ्याच्या गाठीशी नाही. 2012 साली नव्या मालकांच्या हाताखाली या कंपनीने ‘लुनार’ नावाचा कॅमेरा जाहीर केला. मुठीला ऑलिव्ह किंवा महोगनी लाकूड, कार्बन फायबर, चामडे असे पर्याय. किंमत 5,000 युरो. आत होता सोनी कंपनीचा नेक्स-7, जो हजार-बाराशे युरोंत कुठेही मिळत होता. छायाचित्रकारांनी तो ओळखला आणि जगभर हसू झाले. ज्यांच्यासाठी तो बनवला होता त्या धनवंतांनीही फारसा घेतला नाही. हॅसलब्लाडने काही वर्षांतच हा रस्ता सोडला आणि 2016 मध्ये स्वतःच्या रचनेचा एक्स-1-डी आणला.

लायकाचा सोनेरी कॅमेरा आणि लुनार यांत फरक काय? दोन्हीकडे वरची सजावटच विकली जात होती. पण सोन्याच्या खाली लायकात लायकाच होता. धनवंताला खुळा दागिना नको असतो. त्याला असे हत्यार हवे असते की जे वापरले असते तर उत्तमच चालले असते. ‘वापरले असते तर’ या शर्तीवर सगळा डोलारा उभा आहे. म्हणून अशा कंपनीला साधा कॅमेरा मनापासून चांगलाच बनवावा लागतो, आणि तो कोणीतरी पावसापाण्यात, दंगलीत, युद्धात वापरावाच लागतो. लायकाने 1979 पासून बार्नाकच्या नावाचा पुरस्कार चालवला आहे, तो बहुधा दुःखाची, संघर्षाची, कष्टकऱ्यांची चित्रे काढणाऱ्यांना मिळतो. ती चित्रे दालनात लागतात. दालनाच्या शेजारच्या खोलीत कपाटात खास आवृत्ती असते. या दोन खोल्यांना एकमेकींची गरज आहे.

2015 मध्ये या नात्याचे टोक गाठले गेले. अमेरिकन गायक लेनी क्रॅविट्झ यांचे वडील दूरचित्रवाणीच्या बातम्यांचे निर्माते होते. वार्ताहरांना मानवंदना म्हणून क्रॅविट्झ यांनी ‘करस्पाँडंट’ या नावाने 125 संच घडवून घेतले. या कॅमेऱ्यांचा काळा रंग कारखान्यातच हाताने ठिकठिकाणी घासून खालचे पितळ उघडे केले होते. जणू वीस वर्षे रणभूमीवर फिरून आला आहे. माझ्या हाताखालच्या कॅमेऱ्याला असे पितळ दिसायला चौदा लग्नसराया लागल्या. तेव्हा बातमी वाचून आधी राग आला, मग हसू. गरिबीत ठिगळ लावलेली पँट महाग विकली जाते, मग कॅमेऱ्याने काय घोडे मारले आहे!

आता न वापरण्याबद्दल. मर्यादित आवृत्तीच्या फेरविक्रीत ‘खोक्यासकट, न उघडलेला’ या शब्दांना पैसे असतात. एक फिल्म जरी घातली तरी भाव उतरतो. पण यंत्र हे यंत्र असते. बोराबाजारातले दुरुस्ती करणारे कारागीर मला नेहमी सांगत की शटर शिवणयंत्रासारखे असते, चालते ठेवले नाही तर आतले वंगण घट्ट होते, कापडी पडदा सुरकुततो आणि एक दिवस कमी वेगावर शटर अडकते. म्हणजे कपाटातले सोन्याचे कॅमेरे वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होत आहेत, आणि उघडून पाहिल्याशिवाय ते कळणार नाही. डिजिटलची गत याहून वाईट. एम-9 च्या सेन्सरवरच्या संरक्षक काचेला गंज धरतो, हे काही वर्षांत उघड झाले. कंपनीने बरीच वर्षे सेन्सर बदलून दिले, पण 2020 च्या सुमारास त्या सेन्सरचा पुरवठाच संपला. टायटॅनियमचा एम-9 आणि एर्मेसचा एम-9-पी यांतही तोच सेन्सर आहे. टायटॅनियमला गंज चढत नाही. आतल्या काचेला चढतो.

हे सगळे पाहून कोणी म्हणेल की मग ही फसवणूकच. मला तसे सरळ म्हणता येत नाही. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 मध्ये जगात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले, 2020 मध्ये नव्वद लाखांहूनही कमी. मोबाइलने बाकीचे गिळले. या पुरात अनेक जुनी नावे वाहून गेली. ज्याची रचना 1954 ची आहे आणि जो हाताने अंतर साधायला लावतो असा कॅमेरा आजही नवा मिळतो, त्याचे सुटे भाग बनतात, तो जुळवणारे कारागीर वेट्झलारला पगार घेतात. 2022 मध्ये लायकाने फिल्मचा एम-6 पुन्हा उत्पादनात आणला. 1975 ते 2005 या तीस वर्षांत ही मालिका मेली नाही, त्याला जी टेकणे मिळाली त्यांत त्या दंतवैद्यांचे आणि सुलतानांचे पैसेही होते. फक्त, 2022 मध्ये परत आला तेव्हा एम-6 लेन्सशिवाय पाच हजार युरोंच्या आसपास होता. हत्यार वाचले, पण ज्याच्या हातासाठी ते होते त्याच्या ऐपतीबाहेर वाचले. लग्नाचे फोटो काढणारा माणूस ते घेत नाही. मीही कधी घेतले नाही. माझे काम आधी सेकंडहँड याशिकावर आणि नंतर निकॉनवर झाले.

जून 2022 मध्ये वेट्झलारला एक लिलाव झाला. लिलाव करणारी संस्था लायकाच्याच परिवारातली. म्हणजे कॅमेरा बनवणारे, तो नवा विकणारे आणि जुना झाल्यावर त्याचा भाव ठरवणारे आता एकाच छपराखाली आहेत. त्या दिवशी एका कॅमेऱ्याला कर-दलाली धरून 1 कोटी 44 लाख युरो मिळाले, आपले एकशे पंधरा-वीस कोटी रुपये. कुठल्याही कॅमेऱ्याला तोवर मिळालेली ही सर्वाधिक किंमत. त्यावर सोने नव्हते, सरड्याचे कातडे नव्हते. 1925 च्या आधी चाचणीसाठी बनवलेल्या मोजक्या नगांपैकी तो 105 क्रमांकाचा. व्ह्यूफाइंडरवर ऑस्कर बार्नाक हे नाव कोरलेले आहे, आणि घराभोवतीचे, गावातले, मुलाबाळांचे फोटो काढायला तो माणूस हा कॅमेरा बरोबर घेऊन फिरत असे.